'प्ले' दाबलं, दोन सेकंद थांबलं आणि गप्प! गेम सुरूच होत नसेल तर आधी कुठे बघायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातून घेतलेला ऐंशी-नव्वद जीबीचा गेम. 'प्ले' दाबलं की बटणावर 'स्टॉप' येतं आणि दोन-तीन सेकंदांत पुन्हा 'प्ले'. खिडकी उघडत नाही, एरर येत नाही. दोनदा काढून परत टाकला, ग्राफिक्स ड्रायव्हर नवा केला, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून पाहिला. आता विंडोजच फॉरमॅट करावं का?

नका करू. निदान अजून तरी नाही. फॉरमॅट केल्यावर गेम कदाचित सुरू होईलही, पण नेमकं काय बिघडलं होतं ते कळणार नाही. मग महिन्याभरात तेच सॉफ्टवेअर परत टाकाल, त्याच सेटिंग कराल आणि पुन्हा तिथेच येऊन थांबाल. मी हे काम बरीच वर्षं करतोय. माझ्याकडे जे येतात, त्यांतले बहुतेक गेम दोन-तीनदा परत टाकूनच आलेले असतात. सगळ्यात जास्त वेळ खाणारा आणि सगळ्यात कमी गुण येणारा उपाय कोणता असेल तर तो हा. कारण साधं आहे. गेम सुरू होताना ज्या गोष्टींना ठेच लागते, त्यांतल्या बऱ्याचशा गेमच्या फोल्डरमध्ये नसतातच. सेटिंगची फाइल डॉक्युमेंट्समध्ये किंवा ॲपडेटात असते, लागणाऱ्या लायब्ररी (अनेक प्रोग्रॅमना लागणाऱ्या सामायिक फाइली, म्हणजेच डीएलएल) विंडोजमध्ये असतात, शिवाय ड्रायव्हर, अँटिव्हायरस आणि स्क्रीनवर आकडे दाखवणारी ती छोटी सॉफ्टवेअरं. गेम काढून परत टाकला तरी यांतलं एकही जागचं हलत नाही.

तेव्हा हात लावण्याआधी विंडोजने काय लिहून ठेवलंय ते वाचू. स्क्रीनवर काही दिसलं नाही म्हणून नोंद झाली नाही, असं नसतं. स्टार्टमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' शोधा. डावीकडे 'विंडोज लॉग्ज', त्याखाली 'ॲप्लिकेशन'. आता गेम एकदा सुरू करायचा प्रयत्न करा, तो बंद पडला की इकडे येऊन यादी रिफ्रेश करा. लाल खुणेची, 'ॲप्लिकेशन एरर' नावाची, १००० क्रमांकाची नोंद दिसते का पाहा. वेळ जुळवून बघा, नाहीतर मागच्या आठवड्याच्या कुठल्या तरी प्रिंटर सॉफ्टवेअरचं रडगाणं वाचत बसाल. त्या नोंदीत तीन ओळी कामाच्या आहेत: 'फॉल्टिंग मॉड्यूल', म्हणजे कोणत्या फाइलपाशी गाडी पडली, 'एक्सेप्शन कोड', म्हणजे कशी पडली, आणि मॉड्यूलचा पाथ, म्हणजे ती फाइल डिस्कवर नेमकी कुठे आहे. 'रिलायबिलिटी हिस्टरी'मध्ये हेच जरा सुबक दिसतं, पण तिथे मॉड्यूलचा पाथ मिळत नाही आणि मला तर पाथच सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

कोडची फक्त शेवटची अक्षरं पाहिलीत तरी पुरे. शेवट ००५ असेल तर प्रोग्रॅमने आपल्या हद्दीबाहेरच्या मेमरीला हात लावला. हा 'ताप आला' म्हणण्यासारखा प्रकार आहे, नुसत्या त्यावरून निदान होत नाही. मॉड्यूलचं नाव सोबत वाचावं लागतं. शेवट ०१डी असेल तर प्रोसेसरला न कळणारी आज्ञा दिली गेली. जुन्या प्रोसेसरवर नवा गेम टाकला की हे हमखास दिसतं, कारण बरेच नवे गेम एव्हीएक्स किंवा एव्हीएक्स २ हे प्रोसेसरचे आज्ञासंच गृहीत धरतात. तिथे सेटिंगने काही होत नाही. शेवट ०७बी म्हणजे ३२ बिट आणि ६४ बिट फाइलींची सरमिसळ झाली आहे. कुणीतरी कुठून तरी सुटी डीएलएल आणून चिकटवली की हे होतं. आणि १३५ म्हणजे लागणारी डीएलएल सापडलीच नाही.

मॉड्यूलच्या नावाबद्दल एक सांगतो. तिथे 'एनटीडीएलएल' किंवा 'कर्नलबेस' दिसलं की लोक त्या फाइली बदलायला धावतात. त्या विंडोजच्या गाभ्यातल्या आहेत, त्यांना हात लावू नका. प्रेत ज्याच्या अंगणात सापडलं तोच खुनी, असं नसतं. नाव 'एनव्ही'ने सुरू होत असेल तर एनव्हिडियाचा ड्रायव्हर. 'एटीआय' किंवा 'एएमडी'ने सुरू होत असेल तर एएमडीचा. 'आयजीडी' दिसलं तर इंटेलचा अंगभूत ग्राफिक्स. लॅपटॉपवर स्वतंत्र कार्ड असताना तिथे 'आयजीडी' दिसलं तर समजून चाला की गेम चुकीच्या कार्डावर उघडतोय. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स असं जाऊन त्या गेमला 'हाय परफॉर्मन्स' नेमून द्या. आणि नावात 'आरटीएसएस' किंवा 'ओव्हरले' असेल तर एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती चित्रं उमटतात ते, दाखवणारं सॉफ्टवेअर आधी पूर्ण बंद करा. नुसतं मिनिमाइज करून चालत नाही. ही सॉफ्टवेअरं गेमच्या प्रोसेसमध्येच शिरून बसतात, त्यामुळे त्यांची एक चूक म्हणजे गेमचा मृत्यू.

पाथ का महत्त्वाचा, ते एका प्रकरणावरून सांगतो. एक मुलगा आला होता, लक्षणं अगदी तुमच्यासारखीच. गेम तीनदा परत टाकून झालेला. नोंदीत मॉड्यूल होतं 'डीएक्सजीआय' डीएलएल. ही विंडोजची, डायरेक्टएक्सची फाइल. तिचं घर सिस्टिम ३२ फोल्डरमध्ये. इथे पाथ मात्र गेमच्या फोल्डरचा होता. फोल्डर उघडला आणि फाइली तारखेप्रमाणे लावल्या. सगळ्या फाइली आदल्या रात्रीच्या, आणि ही एकटी दोन वर्षांपूर्वीची. विचारल्यावर त्याला आठवलं: रंग गडद दिसावेत म्हणून त्या काळी एक फिल्टर टाकला होता. असे फिल्टर आणि बरेच मॉड (गेममध्ये बाहेरून घातलेले बदल) याच युक्तीने चालतात. विंडोजच्या फाइलीचं नाव घेऊन गेमच्या शेजारी बसायचं, म्हणजे गेम आधी त्यांनाच उचलतो. गेम अपडेट होत गेला, फिल्टर जुनाच राहिला. फाइलीचं नाव बदललं आणि गेम उघडला. सगळं मिळून दहा मिनिटं.

मग तीन वेळा परत टाकूनही ती फाइल गेली का नाही? कारण गेम काढताना स्टीम फक्त स्वतः आणलेल्या फाइली काढतं. तुम्ही टाकलेली फाइल आणि तिच्यापुरता फोल्डर मागे राहतो. नवा गेम पुन्हा त्याच फोल्डरात उतरतो आणि तो भाडेकरू तिथेच बसलेला असतो. 'व्हेरिफाय' करतानाही, म्हणजे गेमच्या फाइली स्टीमकडून तपासून घेतानाही, हीच गत. स्टीमची यादी म्हणते या फाइली हव्यात, स्टीम त्या तपासतं. यादीबाहेरचं काही पडलं असेल तर त्याकडे ते बघतही नाही. तेव्हा ज्या कुणी कधीही मॉड टाकलेत, त्यांनी गेमची मुख्य फाइल जिथे आहे तिथे 'डीएक्सजीआय', 'डी३डी९', 'डी३डी११', 'डिनपुट८', 'विनएमएम' अशा नावांच्या डीएलएल आहेत का ते बघावं. क्वचित एखादा गेम स्वतःच अशी फाइल आणतो, म्हणून डिलीट करू नका, नाव बदला. गरज असेल तर व्हेरिफाय ती परत आणेल.

व्हेरिफाय मात्र एकदा कराच. गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये 'इन्स्टॉल्ड फाइल्स'खाली ते बटण आहे. एपिक आणि गॉग या दुसऱ्या गेम-दुकानांच्या लाँचरमध्येही (गेम उघडून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही) अशीच सोय आहे. त्याचा निकाल कसा वाचायचा, हे सहसा कुणी सांगत नाही. दर वेळी एकच फाइल नापास होत असेल तर घाबरू नका, ती बहुधा गेम स्वतः बदलतो ती सेटिंगची फाइल असते. पण दर वेळी वेगवेगळ्या फाइली नापास होत असतील, आज या चार, उद्या त्या सात, तर विषय गेमचा राहिलेला नाही. डिस्क किंवा रॅम तुम्हाला दगा देतेय. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) रॅमला जादा वेग देणारं एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल तात्पुरतं बंद करा, रॅम तपासणारं मेमटेस्ट रात्रभर लावून ठेवा आणि महत्त्वाचं सगळं आधी दुसरीकडे कॉपी करा.

आता समजा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये काहीच सापडलं नाही. गेम गेला आणि मागे एक ओळही नाही. तुमच्या बाबतीत हे असण्याची शक्यता मला जास्त वाटते, आणि ही बातमी वाईट नाही. नोंद नाही याचा अर्थ बहुधा असा, की गेम कोसळला नाही. तो स्वतःहून परत फिरला, नाहीतर त्याला दारातच कुणी अडवलं.

अडवणाऱ्यांत पहिला संशय अँटिव्हायरसवर. 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये 'प्रोटेक्शन हिस्टरी' वाचा. गेमची एखादी फाइल तिथे क्वारंटाइनमध्ये पडलेली सापडते. त्याहून फसवा प्रकार म्हणजे 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस'. विंडोज १० मध्ये २०१७ साली आलेली ही सोय डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये अनोळखी प्रोग्रॅमला लिहू देत नाही. खंडणीखोर व्हायरसपासून बचावासाठी ती उत्तमच आहे. पण बरेच गेम पहिल्यांदा उघडताना डॉक्युमेंट्समध्ये आपला फोल्डर बनवायला जातात, तिथे नकार मिळतो, आणि काही गेम इतके आळशी लिहिलेले असतात की तक्रारही न करता बंद होतात. ही सोय चालू असेल तर पूर्ण बंद करू नका, परवानगीच्या यादीत गेमची मुख्य फाइल घाला.

इथेच ॲडमिनिस्ट्रेटरचा विषय निघतो. 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' हा उपाय आहे, असं मी कधी मानलं नाही. ती एक चाचणी आहे. तसं केल्यावर गेम चालला, तर तुम्हाला एवढंच कळलं की कुठेतरी लिहायची परवानगी कमी पडतेय. ती जागा शोधा, कायम ॲडमिन म्हणून चालवत बसू नका. तुमच्याकडे त्याने फरक पडला नाही, म्हणजे फोल्डरच्या साध्या परवानग्या बाद झाल्या. कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस मात्र त्याने बाद होत नाही, तो ॲडमिनलाही जुमानत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांना आणखी एक गोष्ट मुद्दाम विचारतो: विंडोजमधलं तुमचं यूजर फोल्डरचं नाव देवनागरीत आहे का? बऱ्याच गेमना, विशेषतः जुन्या किंवा छोट्या चमूने केलेल्यांना, पाथमध्ये रोमन सोडून दुसरी लिपी आली की पुढची वाट सापडत नाही. ते सेटिंगची फाइल शोधतात, मिळत नाही, बंद होतात. स्क्रीनवर दिसणारं नाव बदलून उपयोग नाही, मूळ फोल्डरचं नाव तसंच राहतं. त्यामुळे ओळखायची सोपी रीत अशी: रोमन अक्षरांत, स्पेस न देता, एक नवं लोकल यूजर अकाउंट बनवा आणि त्यातून गेम चालवा. ही चाचणी मला फार आवडते, कारण पाच मिनिटांत शोधाचा अर्धा मुलूख बाद होतो. नव्या अकाउंटमध्ये गेम चालला तर ड्रायव्हर, हार्डवेअर, गेमच्या फाइली सगळे निर्दोष; दोष तुमच्या जुन्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे नावात, सेटिंगमध्ये किंवा लॉगिनबरोबर सुरू होणाऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये. फॉरमॅट करून जे कळलं असतं, ते फॉरमॅट न करता कळलं.

सेटिंगच्या फाइलीचं काय करायचं? डॉक्युमेंट्समध्ये 'माय गेम्स' किंवा गेमच्या नावाचा फोल्डर बघा, नाहीतर ॲपडेटामध्ये लोकल आणि रोमिंग या दोन जागा. ॲपडेटा लपवलेला असतो, आधी 'हिडन आयटम्स' दाखवा. सापडलेल्या फोल्डरच्या नावापुढे 'जुना' लिहा. डिलीट नको, सेव्ह केलेला खेळही बऱ्याचदा तिथेच असतो. आणि त्याआधी त्या गेमपुरतं स्टीम क्लाउड (तुमच्या फाइलींची स्टीमकडची ऑनलाइन प्रत) बंद करा, नाहीतर तुम्ही बाहेर काढलेली बिघडलेली फाइल क्लाउड मोठ्या प्रेमाने परत आणून ठेवतो. मॉनिटर बदलला, दुसरा मॉनिटर काढला, रिझोल्यूशन बदललं, अशा वेळी जुनी सेटिंग हेच कारण निघतं.

लायब्ररींचं काम सोपं आहे, पण त्यात चुका फार होतात. लाँचर कधीकधी 'अमुक डीएलएल सापडली नाही' ही खिडकी गिळून टाकतो. म्हणून गेमचा फोल्डर उघडून मूळ फाइल थेट चालवून बघा. अनरिअल इंजिन या तयार सांगाड्यावर बनवलेल्या गेममध्ये बाहेर दिसते ती काही केबीची फाइल नुसती द्वारपाल असते, खरी फाइल आत 'बायनरीज' फोल्डरच्या 'विन ६४'मध्ये असते आणि तिच्या नावात सहसा 'शिपिंग' असतं. आता नाव वाचा. 'एमएसव्हीसीपी १४०' किंवा 'व्हीसीरनटाइम १४०' असेल तर मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल हवं. २०१५ पासून पुढच्या आवृत्त्यांसाठी एकच एकत्रित पॅक आहे, पण ३२ आणि ६४ बिट दोन्ही टाका. विंडोज ६४ बिट असलं तरी ३२ बिट गेमला ३२ बिटचीच लायब्ररी लागते. नावात १०० किंवा १२० असेल तर अनुक्रमे २०१० आणि २०१३ चे वेगळे पॅक. 'डी३डीएक्स९'ने सुरू होणारं किंवा 'एक्सइनपुट १_३' हे नाव असेल तर डायरेक्टएक्सचा जून २०१० चा जुना पॅक लागतो. विंडोजमध्ये डायरेक्टएक्स १२ आहे म्हणून या जुन्या फाइलीही असतील, असं समजू नका. त्या वेगळ्याच टाकाव्या लागतात. फुकट सुट्या डीएलएल वाटणाऱ्या ठिकाणांवरून मात्र काहीही घेऊ नका. आवृत्ती चुकीची निघाली तर ०७बी, आणि आत आणखी काय आलं ते देव जाणे.

ऑनलाइन गेम असेल तर अँटिचीट, म्हणजे खेळातली लबाडी रोखणारं सॉफ्टवेअर, तेही तपासा. त्याची सर्व्हिस (पडद्यामागे चालणारा भाग) बंद असेल तर गेम निमूटपणे माघार घेतो. गंमत म्हणजे 'क्लीन बूट' करा असा सल्ला सर्रास मिळतो. लोक मायक्रोसॉफ्टच्या सोडून सगळ्या सर्व्हिस बंद करतात, त्यात अँटिचीटचीही बंद होते, आणि मूळ कारण दूर झालं तरी गेम नव्या कारणाने सुरू होत नाही. काही गेमना सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० (संगणकाच्या सुरक्षेच्या दोन सोयी) हेही लागतं. व्हॅलोरंट विंडोज ११ वर ते नसेल तर चालत नाही. बायोसमध्ये ते चालू करायच्या आधी दोन गोष्टी पाहा: विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर, त्याची रिकव्हरी की तुमच्याकडे लिहिलेली आहे ना, आणि विंडोजची डिस्क जीपीटी प्रकारची (विभागणीच्या नव्या पद्धतीची, जुनी ती एमबीआर) आहे ना. एमबीआर डिस्कवर विंडोज असताना बायोसचा जुना बूट मोड बंद केला तर गेम राहिला बाजूला, विंडोजच उघडणार नाही.

काही वेळा उत्तर 'होणारच नाही' असं असतं आणि ते लवकर कळलेलं बरं. २०२४ चा इंडियाना जोन्स आणि २०२५ चा डूम: द डार्क एजेस या गेमना हार्डवेअर रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशेब करण्याची सोय) असलेलं कार्ड लागतंच. एनव्हिडियाच्या जुन्या जीटीएक्स मालिकेतलं कार्ड इतर गेमना कितीही चांगलं चालत असो, इथे ते दारातच अडतं. दुसऱ्या टोकाला जुने डिस्कवरचे गेम. त्यांतल्या अनेकांना सेफडिस्क नावाचं कॉपी-संरक्षण होतं, त्याचा ड्रायव्हर विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टने ठेवलाच नाही. त्या डिस्कशी झटापट करण्यापेक्षा त्याच गेमची डिजिटल आवृत्ती शोधा.

आणि एक खास लक्षण. प्रोसेसर इंटेलचा १३व्या किंवा १४व्या पिढीचा डेस्कटॉप आय-७ किंवा आय-९ असेल, आणि गेम शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार करताना 'व्हिडिओ मेमरी संपली' म्हणून बंद पडत असेल, पण कार्डावर भरपूर मेमरी असेल, तर कार्डाला दोष देऊ नका. या पिढ्यांतले काही प्रोसेसर जास्तीच्या व्होल्टेजमुळे कमजोर होतात, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, त्यासाठी नवा मायक्रोकोड (बायोस अपडेटमधून येणारी प्रोसेसरची आतली दुरुस्ती) दिला आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. बायोस अपडेट केल्याने पुढचं नुकसान टळतं, झालेलं भरून येत नाही. अशा वेळी प्रोसेसर वॉरंटीत बदलून घ्यावा.

तुमच्यासाठी क्रम असा लावेन: इव्हेंट व्ह्यूअर, मग प्रोटेक्शन हिस्टरी, मग नवं यूजर अकाउंट. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर गेम चालवून बघायचा. उपयोग झाला नाही तर बदल मागे घ्यायचा. तिन्हींनंतरही गेम सुरू झाला नाही, तर नोंद मिळाली असल्यास मॉड्यूलचं नाव आणि पाथ, कोडचा शेवट, ग्राफिक्स कार्ड, आणि नव्या अकाउंटमध्ये काय झालं, एवढं कळवा.

तोवर खरेदीच्या तारखेवर लक्ष ठेवा. स्टीम खरेदीपासून १४ दिवसांत, आणि खेळलेला वेळ २ तासांहून कमी असेल तर पैसे परत देतं. न उघडलेला गेम कधीकधी टास्क मॅनेजरमध्ये मागे चालू राहतो. तसं झालं तर स्टीम तो वेळ खेळण्यातच धरतं. प्रत्येक प्रयत्नानंतर टास्क मॅनेजर उघडून तो प्रोसेस उरला असेल तर बंद करा.